वन्संची मोरपंखी गाडी

फोन आला तेव्हा मी सांगलीला लेकीच्या घरी नातीला न्हाऊ घालत होते. पाटावर बसून पाय लांब केलेले, पायांवर बाळ पालथं, हात तेलाने माखलेले. लेकीनेच फोन माझ्या कानाला धरला. पलीकडे यजमान होते. ते मुळातच कमी बोलणारे, त्यात फोनवर तर फारच कमी. "आगं..." एवढंच म्हणाले आणि थांबले. मागे बायकांचा आवाज येत होता. मला कळायचं ते कळलं. "आक्का गेली," ते म्हणाले. मी बाळाच्या अंगावर पाणी घालत राहिले. अर्धं न्हाऊ घातलेलं लेकरू सोडून कसं उठणार... त्याला पुसून, धुरी देऊन, आईच्या कुशीत दिलं आणि मग मी भिंतीला टेकून रडले.

आक्का म्हणजे यजमानांची थोरली बहीण, माझी नणंद. मी त्यांना वन्सं म्हणायची. जावयांनी लगेच गाडी काढली. इस्लामपूर गेलं, कराड गेलं, कराडातून पाटणच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस होता आणि मी गाडीच्या काचेला डोकं टेकवून बसले होते. घरी पोचले तर दारात तिरडी तयार होती. बांधणाऱ्यांनी नेहमीच्या मापाने बांबू तोडले होते. वन्संना तीवर ठेवलं आणि त्या निम्म्यातच संपल्या. पायाकडची जागा मोकळीच राहिली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग कुणीतरी त्या जागेवर झेंडूची फुलं पसरली आणि चौघांनी खांदा दिला. कुणी उचललेलं वन्संना आयुष्यात कधी आवडलं नाही. तिरडी दारातून वळताना माझ्या मनात तेवढं एकच होतं.

वन्सं दोन वर्षांच्या असताना ताप आला आणि त्यात दोन्ही पाय गेले. पोलिओ हा शब्द आमच्या घरात फार नंतर आला, तोवर "तापात पाय गेलं" एवढंच सगळे म्हणत. लहानपणी त्यांचे वडील त्यांना खांद्यावर बसवून कोयनेकाठच्या आमच्या रानात घेऊन जायचे. नदीकाठच्या त्या गाळाच्या रानाला आम्ही मळी म्हणतो. घरापासून लांब नाही, पण वाट उताराची आणि चाकोऱ्यांची. वन्सं वयात आल्या, अंगाने भरल्या आणि ते खांद्यावरचं जाणं थांबलं. त्यानंतर सोपा, स्वयंपाकघर आणि मागचं परडं एवढंच त्यांचं जग होतं. तळहाताखाली रबरी चपलेचे तुकडे घेऊन त्या हातांवर अंग पेलत सरकायच्या. त्यांच्याजवळ हाताने फिरवायचं शिलाई मशीन होतं. गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी त्यांनी शिवलेली. दुपारी मिशरी लावत बसल्या की सोप्यावर बायकांचा अड्डा जमायचा आणि वन्संच्या जिभेतून कुणी सुटायचं नाही. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा त्यांना पाण्याची घागर भरून द्यायला धावले, तर म्हणाल्या, "नंदे, माजं पाय गेल्यात, हात न्हाई गेलं." तेव्हापासून मी धावायचं सोडलं.

कुठल्याशा शिबिरात त्यांना हाताने चालवायची तीनचाकी सायकल मिळाली होती. मळीच्या वाटेवर ती पहिल्याच चाकोरीत अडकली. यजमान तेव्हा सैन्यातून सुट्टीवर आले होते, त्यांनी मागून ढकलत नेली. वन्सं घरी आल्या आणि पुन्हा त्या सायकलीत बसल्या नाहीत. ढकलून नेणं आणि उचलून नेणं त्यांच्या लेखी सारखंच. सायकल परड्यात गंजली, तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

यजमान सैन्यात गाड्या दुरुस्त करायच्या कामावर होते, हवालदार होऊन निवृत्त झाले. घरी आल्यावर काही महिने त्यांना करमेना. एके दिवशी जेवताना माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बाळू, जलमभर सरकारच्या गाड्या केल्यास. एक हिच्यासाठी कर की. मी हाय तवर हिला एकटीला मळीत गेलेली बगू दे." सासूबाई तेव्हा खूप थकल्या होत्या. आपल्यामागं या मुलीचं कसं होणार, ही एकच काळजी त्यांना जळूसारखी चिकटलेली. यजमानांनी हातातला घास तसाच धरला आणि वन्संकडे पाहिलं. वन्सं म्हणाल्या, "कर. पन एक सांगती. मला त्यात कुनी उचलून ठिवायचं न्हाई. माजी मी बसनार."

सगळं त्या एका अटीभोवती उभं राहिलं. सोप्याच्या पायरीइतकी बुटकी गाडी, म्हणजे पायरीवरून हातांवर सरकत थेट आत जाता येईल. जुन्या स्कूटरचं इंजिन, रिक्षाची चाकं, ब्रेक आणि बाकी सगळं हातात. सांगाड्यासाठी यजमानांनी कराडच्या भंगारवाल्याकडून लोखंडी पाइप आणि पत्रे आणले. परड्यात ते सामान पसरलं. तांबूस, खवले सुटलेलं, हात लावला की हाताला गंज लागायचा. यजमान म्हणाले, जोडून झालं की रंगाला कराडला टाकू. वन्संनी मशीनचा हात थांबवला. "आन मी काय करू तवर? बगत बसू? बसून करायचं काम हाय, मला दे."

असं ते काम त्यांच्याकडं गेलं. यजमानांनी तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि रॉकेलचा डबा त्यांच्यापुढं ठेवला, एकदा करून दाखवलं आणि विसरले. वन्सं मात्र त्यात शिरल्या. आधी ब्रशने गंजाचे पापुद्रे काढायचे, मग जाड पेपर, मग बारीक, मग पाण्यात भिजवून घासायचा तो. पत्रा मांडीवर घेऊन तासन्‌तास घासायच्या. मधेच डोळे मिटून पालथा हात त्यावरून फिरवायच्या. तळव्याला घट्टे पडलेले होते, त्यामुळे तळव्याला काही कळायचं नाही, पण हाताची पालथी बाजू रेशमासारखी राहिलेली. कुठं खरखरलं की पुन्हा पेपर. मग रॉकेलने पुसून, कोरड्या फडक्याने पुसून, त्यावर तांबड्या प्रायमरचा हात. संध्याकाळी त्यांचं लुगडं, केस, भुवया सगळं तांबडं. सासूबाई दारातून बघत बसायच्या आणि म्हणायच्या, "आगं, शिमगा हाय का काय!"

रंगावरून पहिलं भांडण झालं. यजमान सवयीने लष्करी हिरवा घेऊन आले. वन्संनी डब्याचं झाकण उघडलं आणि बंद केलं. "मी काय लडाईला चाललीय?" त्यांना मोरपंखी पाहिजे होता. शिलाईच्या कमाईतून घेतलेलं त्यांचं पहिलं लुगडं मोरपंखी होतं. यजमान म्हणाले, गाड्यांत तसला रंग येत नाही. "मग मिसळ," वन्सं म्हणाल्या. तो हिरवा शेवटी गोठ्याच्या दाराला गेला.

दुसरं भांडण मोठं होतं. सांगाडा जोडून झाला होता. यजमानांनी त्याच्या खालच्या अंगाला गंजावरूनच प्रायमर फासला. खालचं कोण बघतंय, असा त्यांचा हिशेब. सैन्यात मोठे साहेब पाहणीला यायचे असले की असाच वरवर रंग मारायचे, हे त्यांनीच पूर्वी हसत हसत सांगितलं होतं. वन्संनी सरकत जाऊन सांगाड्याखाली मान घातली आणि तशाच ओरडल्या, "बाळू, ह्ये काय केलंस?"

"खालचं हाय गं आक्का. कुनाला दिसतंय?"

"मला दिसतंय. तुमी समदी वरनं बगता. मी जलमभर खालनंच बगत आलीय... टेबलं, बाजा, मानसांच्या हनुवट्या. मला खालचंच आधी दिसतं. तुजा सायब ईल आन जाईल. ह्यात मी बसनार हाय."

यजमान हसले आणि कामाला लागले. वन्संनी तो प्रायमर खरवडायला घेतला. दुपारी मी शाळेतून आले, मी गावातच प्राथमिक शाळेत शिकवत होते, तेव्हा वन्सं सांगाड्याच्या मधल्या पाइपला पेचकस टोचत होत्या. एका जागी तो सरळ आत गेला. पाइप आतून सडलेला होता. वरून धड दिसत होता, वजन मात्र पेलणार नव्हता. यजमानांना बोलावलं. त्यांनी बोट घालून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला, कारण तो पाइप त्यांनी स्वतः निवडून आणला होता. म्हणाले, पट्टी वेल्डिंग करतो, वर पुट्टी भरून रंग देऊ. बदलायचा म्हणजे सगळा सांगाडा पुन्हा उसवायचा. "वरनं रंग दिऊन आतली कीड जाती व्हय?" वन्सं म्हणाल्या. यजमानांनी हातातला पाना टाकला आणि रानात निघून गेले. पुढं कितीतरी दिवस बहीण-भावाचं बोलणं नव्हतं.

मधे सासूबाईंची तगमग. त्या एकदा वन्संजवळ येऊन बसल्या. "असू दे की गं सुमे. दे रंग आन बस. मला एकदा बगू दे..." वन्सं म्हणाल्या, "आई, मी त्यात एकटी असनार. उतारावर मोडली तर हाका कुनाला मारू?" सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दोघींचंही खरंच होतं.

शेवटी यजमानांनी सांगाडा उसवला. नवा पाइप आणला. तोवर पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस एकदा बसला की महिनोन्‌महिने उठत नाही. भिंतींना ओल, कपड्यांना वास आणि लोखंड तर आज घासावं, उद्या पुन्हा तांबडं. ओल्या हवेत रंग धरत नाही, पांढरा पडतो, फुगतो. काम थांबलं. आणि त्याच पावसात, श्रावणात, सासूबाई गेल्या. कोयनेला पाणी आलं होतं. त्यांना नदीकाठी नेलं तेव्हा वन्सं सोप्याच्या पायरीवर बसून होत्या. तिरडी वळणापर्यंत दिसली, पुढं नाही.

त्यानंतर वन्संनी लोखंडाला हात लावला नाही. यजमानही परड्याकडं फिरकेनात. सगळं ताडपत्रीखाली पडून राहिलं. मला वाटलं, संपलं. पाऊस उघडला, नवरात्र आलं, गेलं. एका सकाळी मी चुलीपाशी होते आणि परड्यातून ओळखीचा आवाज आला... खर्र, खर्र. बाहेर येऊन बघते तर वन्संनी ताडपत्रीखालून चाकावरचं मडगार्ड ओढून मांडीवर घेतलेलं, आणि घासत होत्या. यजमान अंघोळ करून आले, थोडा वेळ उभे राहिले आणि आत जाऊन वेल्डिंगचं सामान घेऊन आले.

रंगाचे दिवस आले तेव्हा साखर कारखाना सुरू झालेला. हवा कोरडी, पण धुराड्यातून काजळी उडते आणि अंगणात काळी काळी पाखरं बसल्यासारखी पडते. पहिला पत्रा उघड्यावर रंगवला आणि तासाभरात त्यावर काजळी चिकटली. वन्संनी तो पुन्हा घासून काढला. मग गोठा रिकामा केला. म्हशी बाहेर बांधल्या, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलं. एक जुनी बाज मागच्या भिंतीला आडवी टेकवून तिच्या सुंभाला तारेने एकेक भाग टांगला, वन्संचा हात पोचेल इतक्या उंचीवर. यजमानांनी कुणाचा तरी कॉम्प्रेसर आणला. नाकाला ओला पंचा बांधून वन्सं त्या फवाऱ्याच्या पिस्तुलाला भिडल्या. पहिल्या दिवशी सगळे ओघळ. "लय जवळ धरतीस आक्का. लांबनं. आन हात थांबवू नगंस." दुसऱ्या दिवशी कमी. पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ हात. असं करता करता एका संध्याकाळी शेवटचा भाग झाला. त्यांनी पंचा सोडला. नाकाखालचं तोंड तेवढं गोरं, वरचा सगळा चेहरा मोरपंखी. मला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. "आईनं बगायला पायजे हुतं," एवढंच त्या म्हणाल्या.

गाडी निघाली त्या सकाळी निम्मं गाव दारात. वन्सं पायरीवरून सरकल्या, हातांवर अंग उचललं आणि आत बसल्या. कुणी पुढं झालं नाही, यजमानांनी आधीच सगळ्यांना दटावून ठेवलं होतं. डांबरी रस्त्याला न्यायची नाही, तिला नंबर नाही, पासिंग नाही, एवढं त्यांनी बहिणीलाही बजावलं. "व्हय रं," म्हणत त्यांनी इंजिन चालू केलं. गाडी मळीचा उतार उतरली. यजमान मागं मागं चालत होते, मी त्यांच्या मागं. मळीच्या बांधावर वळायचं सोडून वन्सं सरळ नदीकडं निघाल्या. आम्ही थांबलो. सासूबाईंना जिथं अग्नी दिला होता त्या जागेपाशी गाडी थांबली. इंजिन बंद झालं. वन्सं तिथं एकट्या बसल्या होत्या, त्यांची पाठ तेवढी दिसत होती. किती वेळ ते सांगता येत नाही, ऊन डोक्यावर आलं होतं. परत आल्या तेव्हा मी न राहवून विचारलं, "काय बोललासा वन्सं?"

"काय न्हाई. गाडी दावली."

त्यावर कधी आम्ही बोललो नाही. पाइपापायी उशीर केल्याचं त्यांना आतून किती लागलं होतं हे मला ठाऊक नाही. लागलं नसेल असं म्हणवत नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली असती तर त्यांनी वेगळं केलं असतं असंही वाटत नाही.

पुढची काही वर्षं वन्संची होती. सकाळी भाकरी बांधून घेऊन त्या मळीत जायच्या, खुरपं घेऊन बांधाकडेने सरकत भांगलायच्या, दुपारी आंब्याखाली बसायच्या. शिवलेली पोलकी स्वतः पोचवायला लागल्या. एकदा मला म्हणाल्या, "नंदे, ह्या बायकांची मापं मला पाठ हायती, पन घरं कुनाची बगितली नव्हती. कुनाच्या दारात तुळस कुटं हाय, ते आता कळतंय." त्या दारात गाडी थांबवून हॉर्न द्यायच्या आणि ती बाई येईपर्यंत तिचं घर डोळे भरून बघत राहायच्या. संध्याकाळी घरी आल्या की आधी गाडीखाली हात घालून चिखल पुसायच्या, मग चहा.

मग त्यांचे खांदे दुखायला लागले. पुढं पुढं तर कपबशी धरताना हात थरथरायचा. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं की, पायांचं कामही हातांनीच जन्मभर केलंय, ते स्नायू आता दमलेत. पुढं श्वासही दमू लागला. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्या पायरीपर्यंत सरकल्या, गाडीच्या काठाला धरलं, जोर केला... आणि खाली बसल्या. पुन्हा केला. मी स्वयंपाकघराच्या दारात खिळल्यासारखी उभी होते, जवळ जायचं धाडस होत नव्हतं. त्यांनीच मान वळवली. "नंदे," त्या शांतपणे म्हणाल्या, "उचल गं." मी त्यांना उचललं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. इतकी वचावचा बोलणारी बाई, पण वजन एखाद्या पोरीएवढं. गाडीत बसवल्यावर त्यांनी माझा हात क्षणभर धरून ठेवला आणि मग म्हणाल्या, "बाजूला हो, चाक जाईल पायावरनं."

मी सांगलीला निघाले तो दिवस आमचा शेवटचा. त्या अंथरुणावरच होत्या, उशीला टेकून. मी म्हटलं, "वन्सं, मला जाववत नाही." तर म्हणाल्या, "जा गं. लेक वाट बगत आसंल. मी काय पळून चाललीय व्हय?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. हसताना दम लागला. मी पाठीवरून हात फिरवला आणि निघाले...

आता यजमान ती गाडी रोज मळीत नेतात. उभी ठेवली की लोखंड सडतं, म्हणतात. ते चांगले उंच आहेत आणि ती गाडी मांडी घालून बसणाऱ्या बाईच्या मापाची, त्यामुळे त्यांचे गुडघे पार हनुवटीपर्यंत येतात. मागं वैरणीचा भारा असतो. बघणाऱ्याला हसू यावं असं ते दृश्य आहे, पण गावात अजून कुणी हसलेलं मी पाहिलं नाही.

वन्संचं दिवसकार्य झाल्यावर एके दिवशी यजमानांनी गोठ्याला चुना द्यायला घेतला. मी शेण काढायला गेले होते. कितीतरी वर्षांत त्या मागच्या भिंतीकडं मी नीट पाहिलंच नव्हतं. उभ्या माणसाच्या कमरेच्या खाली, भिंतभर मोरपंखी रंगाचे फवारे उडालेले, आणि मधे मधे टांगलेल्या भागांच्या कोऱ्या जागा राहिलेल्या. मडगार्डची कमान. दिव्याचा गोल. सीटखालच्या पत्र्याचा चौकोन. त्याच्या शेजारी, अगदी खाली, एक पंजा. फवारा मारताना तोल सावरायला त्यांनी डावा हात भिंतीला टेकवला असणार. बोटं फाकलेली, भोवती सगळा मोरपंखी आणि पंज्याच्या जागी भिंतीची मूळ माती.

यजमानांनी तीन भिंती पांढऱ्या केल्या. चौथीच्या वरच्या अंगाला कुंचला मारत मारत खाली आले आणि त्या पंज्यापुढं उकिडवे बसले. कुंचल्यातून चुना ठिबकत होता. बऱ्याच वेळाने ते उठले, बाहेर नळाखाली कुंचला धुतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "चुना सपला."

चुन्याची बादली अर्धी भरलेली होती.